रानातील ध्वनिमुद्रक : मांडणी, देखभाल व दोषनिवारण

आपल्या शेतकऱ्याचा कान फार तयार असतो. बांधावरची टिटवी ओरडली की कोणी तरी तिकडून येत आहे हे तो ओळखतो. बेडकांचा सूर बदलला की पाऊस जवळ आला, असे तो म्हणतो. परंतु शेतकरी रात्रभर बांधावर जागत बसू शकत नाही. आणि एकाने ऐकलेली गोष्ट दुसऱ्यास पुन्हा ऐकविता येत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी सेलवर चालणारी लहान ध्वनिमुद्रक यंत्रे अलीकडे उपलब्ध झाली आहेत. अशी यंत्रे झाडास बांधून ठेविली असता ती नेमून दिलेल्या वेळी आपोआप सुरू होतात, आसपासचे आवाज टिपतात व पुन्हा बंद होतात.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या स्थापन झाल्या असून लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे त्यांचे एक काम आहे. ह्या नोंदवहीत रात्री वावरणाऱ्या प्राण्यांची पाने बहुधा कोरी राहतात. घुबडे, बेडूक, वटवाघळे व रातकिडे डोळ्यांस क्वचित दिसतात, पण कानास मात्र रोज सापडतात. शेतीच्या दृष्टीनेही हे प्राणी उपेक्षणीय नाहीत. गव्हाणी घुबड उंदरांवर जगते. बेडूक व लहान वटवाघळे पिकांवरील पुष्कळ किडे खातात. बेडकांच्या पायांची परदेशी निर्यात भारताने १९८७ साली बंद केली, त्यामागे भातशेतीतील त्यांच्या उपयोगाचा विचारही होता. आपल्या शिवारात हे मित्र किती व कोठे आहेत हे ठाऊक असल्यास झाड तोडावे की राखावे, उंदरांसाठी विषारी आमिष घालावे की न घालावे, ह्याचा निर्णय समजून घेता येतो.

ह्या कामात एक धोका मात्र आहे व हा लेख मुख्यतः त्याविषयीच आहे. यंत्रात आवाज सापडला नाही, तर तेथे प्राणी नाही असा निष्कर्ष चटकन काढला जातो. परंतु सेल उतरला असेल, घड्याळ चुकले असेल किंवा मायक्रोफोनच्या छिद्रात मुंगीने माती भरली असेल, तरीही यंत्र मुकेच राहते. रानाचे मौन व यंत्राचे मौन ही दोन्ही कार्डावर सारखीच दिसतात. ती वेगळी ओळखता आली पाहिजेत. नाही तर यंत्राच्या दोषामुळे नोंदवहीत खोटी गोष्ट कायमची लिहिली जाते.

रानपिंगळ्याचे उदाहरण ह्या बाबतीत ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १८८४ नंतर ह्या पक्ष्याची खात्रीलायक नोंद कोठेच नव्हती. तो नष्ट झाला असावा असे पुष्कळांस वाटत होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन व त्यांचे सहकारी बेन किंग आणि डेव्हिड ॲबट ह्यांना तो आपल्याच राज्यात, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ पुन्हा आढळला. तब्बल ११३ वर्षे नोंद नव्हती म्हणून पक्षी नव्हता, असे झाले नाही. शिवाय इतर घुबडांच्या उलट हा पक्षी दिवसाही पुष्कळ वावरतो व ओरडतो. केवळ रात्रीची वेळ लावलेले यंत्र त्याच्या झाडाखाली ठेविले तरी त्याचा आवाज हुकण्याची शक्यता आहे.

यंत्राची ओळख

बाजारात अशी निरनिराळी यंत्रे आहेत. येथे नमुन्यादाखल ऑडिओमॉथ ह्या यंत्राचा विचार केला आहे. इंग्लंडातील साउदॅम्प्टन व ऑक्सफर्ड येथील अँड्र्यू हिल, पीटर प्रिन्स व ॲलेक्स रॉजर्स ह्या संशोधकांनी ते तयार केले व २०१७ पासून ते इतरांस मिळू लागले. इंग्लंडच्या न्यू फॉरेस्ट भागातील एका दुर्मिळ झिल्लीचा शोध आणि मध्य अमेरिकेतील बेलीझ देशाच्या जंगलात बंदुकीच्या आवाजावर नजर, अशा कामांसाठी त्याचा उपयोग करण्यात आला आहे. आकाराने ते काड्यापेटीपेक्षा थोडेच मोठे असते. त्यात पेन्सिल सेल ३ लागतात व आवाज मोबाइलमध्ये घालतात तशा लहान मेमरी कार्डावर साठविले जातात.

यंत्रावर तीन जागांचा एक खटका असतो. पहिल्या जागी यंत्र बंद राहते व ह्याच जागी ते संगणकास जोडून वेळ व कार्यक्रम भरावयाचा असतो. दुसऱ्या, म्हणजे ‘डिफॉल्ट’ जागी यंत्र वेळापत्रक न पाहता लागलीच ध्वनिमुद्रण सुरू करते. तिसऱ्या, म्हणजे ‘कस्टम’ जागी ते आपण भरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे चालते. यंत्र वाट पाहत असता हिरवा दिवा लुकलुकतो व मुद्रण करीत असता लाल दिवा लागतो. खटका चुकून मधल्या जागी राहिल्यास यंत्र रात्रंदिवस चालते आणि हवी ती रात्र येण्यापूर्वीच कार्ड व सेल संपतात. म्हणून खटक्याची जागा जाण्यापूर्वी बोटाने चाचपून पाहावी.

घरी करावयाची तयारी

यंत्राचे बहुतेक दोष रानात उद्भवतात असे वाटते. वस्तुतः ते घरूनच आपल्याबरोबर जातात. म्हणून पुढील तयारी आदल्या दिवशी टेबलावर बसून, पुरेशा उजेडात करावी.

सेल : तिन्ही सेल एकाच प्रकारचे, एकाच वेळी घेतलेले व नवे असावेत. जुना सेल नव्यांबरोबर घातल्यास तो आधी उतरतो व उरलेल्या दोघांनाही निरुपयोगी करतो. साधा अल्कलाइन सेल नवा असता सुमारे १.५ व्होल्टचा असतो, तर पुन्हा भरता येणारा सेल १.२ व्होल्टचा असतो. त्यामुळे भरता येणारे तीन सेल पूर्ण भरलेले असूनही यंत्राचा मापक दाब कमी दाखवितो. हा दोष नव्हे. परंतु असे सेल किती रात्री टिकतात हे प्रत्यक्ष चाचणीने ठरवून घ्यावे. सेलची टोके कोरड्या कापडाने पुसावीत व स्प्रिंग सैल झाली असल्यास हलक्या हाताने ओढून घ्यावी.

मेमरी कार्ड : नामांकित प्रतीचे, जलद लिहिणारे कार्ड घ्यावे. नकली कार्डे पुष्कळ आढळतात. त्यांवर लिहिलेल्या आकड्याइतकी जागा त्यांत नसते. नवे कार्ड आणल्यावर ते एकदा पूर्ण भरून पाहावे व त्यातील फाइली पुन्हा उघडून ऐकाव्यात. प्रत्येक मांडणीपूर्वी जुने आवाज दोन ठिकाणी उतरवून घेऊन मगच कार्ड पुसून घ्यावे. कार्ड बसविताना ‘टिक्’ असा आवाज येईपर्यंत दाबावे.

जागेचा हिशेब : यंत्र दर सेकंदास आवाजाचे किती नमुने घेते ह्यावर कार्ड किती पुरेल हे अवलंबून असते. ज्या उंचीचा स्वर टिपावयाचा असेल त्याच्या निदान दुप्पट नमुने घ्यावे लागतात. सेकंदास ४८ हजार नमुने घेतल्यास एका तासास सुमारे ३४६ एमबी जागा लागते. रोज ४ तास मुद्रण केल्यास ३२ जीबीचे कार्ड सुमारे २३ रात्री पुरते. बहुतेक बेडूक व घुबडांसाठी सेकंदास १६ हजार नमुने पुरेसे असतात. तेव्हा हेच कार्ड तिप्पट म्हणजे सुमारे ६९ रात्री पुरेल. वटवाघळांचे स्वर मात्र माणसाच्या कानास ऐकू न येण्याइतके उंच असतात. त्यांच्यासाठी २५६ हजार नमुने घ्यावे लागतात व एका तासास सुमारे १.८ जीबी जागा जाते. कार्ड पुरले तरी सेल पुरतीलच असे नाही, म्हणून दोहोंचा हिशेब निराळा करावा. दर ५ मिनिटांतून १ मिनिट मुद्रण करण्याची पद्धतही चांगली आहे. तीत कार्डाची जागा एक पंचमांश लागते व सेलही अधिक दिवस टिकतात.

घरची चाचणी : सर्व तयारी झाल्यावर यंत्र एक रात्र परसात टांगून ठेवावे व सकाळी आवाज ऐकावेत. ही एक रात्र वाया गेली असे कोणी समजू नये.

घड्याळाची चूक

सर्वांत अधिक नुकसान घड्याळाच्या चुकीने होते. हा अनुभव मी स्वतः घेतला असल्यामुळे तो येथे थोड्या विस्ताराने सांगतो.

मावळातील एका गावी भातखाचरांच्या कोपऱ्यात पाणी साठणारी एक खोलगट जागा होती. ती मुरमाने भरून सपाट करावी की तशीच राखावी, हा प्रश्न ग्रामसभेपुढे होता. त्या जागी पहिल्या पावसानंतर पिवळेधमक मोठे बेडूक जमतात व अंडी घालतात, असे जुनी माणसे सांगत. ह्याची नोंद घ्यावी म्हणून मी जूनच्या आरंभी तेथे यंत्र बांधले व संध्याकाळी ६ ते रात्री १० अशी वेळ भरली. पाऊस आला. आठ दिवसांनी कार्ड काढले. फाइलींवर १८ ते २२ वाजेपर्यंतच्या वेळा अगदी बरोबर छापलेल्या होत्या. मात्र ज्या गोंगाटाची अपेक्षा होती तो त्यांत नव्हता. थोडे बेडूक, रातकिडे व पावसाची रिपरिप, एवढेच ऐकू आले. जुन्या माणसांचे सांगणे अतिशयोक्तीचे असावे, असे मी मनाशी जवळजवळ ठरवून टाकले होते.

शेताचे मालक, सत्तरी ओलांडलेले एक आबा, जवळ बसून ऐकत होते. रात्री ९ वाजून ५० मिनिटांच्या फाइलीत मागे कोठे तरी कोंबडा आरवला. आबांनी मान वर केली व विचारले, “सायेब, रातच्या दहाला कोंबडा आरवतोय व्हय?” मी म्हणालो, “आबा, एखादा आरवत असेल.” त्यावर ते म्हणाले, “आमचा न्हाय आरवत. त्यो तीन वाजल्याबिगर तोंड उघडत न्हाय.”

तेव्हा माझ्या ध्यानात आले. यंत्राचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर होते. भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. मी भरलेले सायंकाळचे ६ म्हणजे आपल्या घड्याळाने रात्रीचे ११.३० आणि १० म्हणजे पहाटेचे ३.३० होत होते. कोंबडा ३ वाजून २० मिनिटांनीच आरवला होता. दिवस मावळताना व त्यानंतरच्या ज्या तीन-चार तासांत बेडकांचा मेळा भरला असेल, ते तास यंत्राने ऐकलेच नव्हते. हे बेडूक पहिल्या मोठ्या पावसानंतर थोड्याच रात्री असे जमतात. ती संधी पुढे वर्षभर येत नाही. ग्रामसभेत त्या वर्षी सांगण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. आबांनीच सभेत उठून, अजून एक पावसाळा ऐकून मग काय ते ठरवा, असे सांगितले म्हणून ती जागा राहिली. पुढील वर्षी वेळ नीट भरली. तेव्हा पहिल्याच संध्याकाळचा आवाज एवढा होता की त्यात पावसाचाही आवाज बुडून गेला होता. जुनी माणसे खरे बोलत होती. चुकलो होतो तो मी.

ह्यावरून पुढील नियम पाळावेत. कार्यक्रम भरताना स्थानिक वेळ निवडली आहे की जागतिक, हे प्रथम पाहावे व यंत्राच्या डबीवर तसे लिहून ठेवावे. जागतिक वेळ वापरावयाची असल्यास आपल्या वेळेतून ५ तास ३० मिनिटे वजा करावीत. पहाटे साडेपाचपूर्वीच्या मुद्रणाची तारीखही त्यामुळे आदल्या दिवसाची पडते. १५ जूनच्या पहाटे ४ वाजताचा आवाज १४ जून, २२.३० असा नोंदला जातो. रानात सेल बदलल्यावर घड्याळ शाबूत आहे असे गृहीत धरू नये. ते पुन्हा लावावे. मोबाइलमधून विशिष्ट सूर वाजवून घड्याळ लावण्याची सोय ह्या यंत्रात आहे. संगणक बरोबर नसल्यास तिचा उपयोग करावा.

जागेची निवड व बांधणी

यंत्र जमिनीपासून दीड ते दोन मीटर उंचीवर बांधावे. फार जाड बुंधा घेऊ नये, कारण मागच्या बाजूचा आवाज तो अडवितो. मांडीएवढ्या जाडीचे खोड किंवा पक्का खांब बरा. झाडास खिळा ठोकू नये. पट्टा किंवा सुती दोरी वापरावी. मायक्रोफोनचे छिद्र मोकळ्या बाजूस, किंचित खाली झुकलेले ठेवावे, म्हणजे त्यावर पाण्याचा थेंब ठरत नाही. समोर हातभर अंतरात पान, फांदी किंवा गवताची काडी राहू देऊ नये. वाऱ्याने हलणारे एक पान सबंध रात्र बिघडविते.

पंपाची मोटर, वीज रोहित्र, रहदारीचा रस्ता व खळखळणारा ओढा ह्यांपासून शक्य तितके दूर जावे. दुपारचे थेट ऊन पडणार नाही अशी बाजू निवडावी. यंत्रे एकाहून अधिक असल्यास दोहोंत निदान दोन-अडीचशे मीटर अंतर ठेवावे, नाही तर एकच घुबड दोन ठिकाणी मोजले जाते.

पावसाळ्यात झाकणाच्या कडेची रबरी पट्टी स्वच्छ व सपाट बसली आहे हे पाहावे. आत सिलिका जेलची एक कोरडी पुडी ठेवावी. पक्की पेटी नसल्यास यंत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालता येते. परंतु मायक्रोफोनवरील भाग ताणून बसवावा, कारण सैल पिशवी फडफडते. मायक्रोफोनच्या छिद्रावर पाणी अडविणारा पातळ पडदा असतो. तो सुईने किंवा काडीने कधीही कोचू नये.

बांधून झाल्यावर एक साधी कृती अवश्य करावी. मुद्रण सुरू करून यंत्रासमोर उभे राहावे, तीन टाळ्या वाजवाव्यात आणि मोठ्याने म्हणावे, “यंत्र क्रमांक अमुक, जागा अमुक, आज तारीख अमुक, माझ्या घड्याळात अमुक वाजले आहेत.” कार्यक्रमात मांडणीनंतरची ५ मिनिटे ह्यासाठीच राखून ठेवावीत. यंत्र काढताना, मुद्रण चालू असल्यास, हेच पुन्हा करावे. आपला स्वतःचा आवाज कार्डावर सापडला की यंत्र ऐकत होते व त्याचे घड्याळ किती पुढे-मागे होते, ह्या दोन्ही गोष्टी सिद्ध होतात.

गावास विश्वासात घेणे

हे यंत्र पक्ष्यांबरोबर माणसांचेही बोलणे टिपते, ही गोष्ट लपवून ठेवू नये. पाणवठा, विहीर, मंदिराचा पार, घरांची मागील बाजू व सरपणास जाणाऱ्या स्त्रियांची वाट येथे यंत्र ठेवू नये. मांडणीपूर्वी सरपंच, शेताचे मालक व गुराखी ह्यांना ते दाखवावे, त्यांना आवाज ऐकवावेत व पेटीवर मराठीत कामाचा हेतू लिहावा. कोणाचे बोलणे चुकून मुद्रित झाल्यास तो भाग दुसऱ्यास न ऐकविता पुसून टाकावा. ज्या यंत्राची गावास माहिती असते ते चोरीसही क्वचित जाते. गुराख्याची पोरेच त्याची राखण करतात.

वनजमिनीवर वनविभागाच्या संमतीवाचून यंत्र बांधू नये. अभयारण्य व राष्ट्रीय उद्यान येथे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे रीतसर परवानगी घ्यावी लागते. घुबडांविषयीच्या अंधश्रद्धेमुळे त्यांची अजूनही हत्या होते. म्हणून घुबडाच्या ढोलीचा नेमका ठिकाणा मोबाइलवरून पसरवू नये. तसेच मुद्रित केलेला आवाज पुन्हा पुन्हा वाजवून पक्ष्यास बोलावू नये. विशेषतः विणीच्या काळात त्याचा त्यास त्रास होतो.

दोष, कारणे व उपाय

पहिली फेरी तीन-चार दिवसांच्या आत करावी, पुढील फेऱ्या पंधरा दिवसांनी चालतात. फेरीच्या वेळी पुढील क्रमाने तपासावे.

१. एकही दिवा लागत नाही. सेल उलटे बसले आहेत काय, ते प्रथम पाहावे. नंतर स्प्रिंगवर हिरवट किंवा पांढरा थर आला आहे काय ते पाहावे. असल्यास पॉलिश कागदाने हलके घासून कोरडे पुसावे. त्यानंतर नवे सेल घालावेत. एवढ्यानेही दिवा न लागल्यास ते यंत्र परत न्यावे व दुसरे लावावे. रानात ते उघडून बसू नये. प्रकाश दिसू नये म्हणून दिवे बंद ठेवण्याची सोय कार्यक्रमात असते. आपणच ते बंद केले होते काय, हेही आठवावे.

२. दिवे लागतात, पण कार्डावर फाइल नाही. कार्ड पुरते बसलेले नसणे, ते आधीच भरलेले असणे, ते यंत्रास वाचता येईल अशा रीतीने तयार केलेले नसणे, वेळापत्रकातील तारीख अजून यावयाची असणे, ही नेहमीची कारणे होत. दुसरे कार्ड घालून मधल्या जागी खटका ठेवून एक मिनिट मुद्रण करावे. ते झाल्यास यंत्र ठीक असून दोष कार्डाचा किंवा वेळापत्रकाचा आहे.

३. फाइल आहे, पण आवाज अत्यंत मंद आहे. मायक्रोफोनचे छिद्र कोळ्याचे जाळे, मुंग्यांची माती किंवा पाण्याचा थेंब ह्यांनी बुजले असावे. मऊ कुंचल्याने बाहेरून झटकावे व पडदा सावलीत वाळू द्यावा. छिद्र स्वच्छ असल्यास आवाजाचे वर्धन एक पायरी वाढवावे.

४. आवाज फाटतो. वर्धन फार जास्त आहे किंवा झिल्ल्यांनी भरलेले झाड अगदी जवळ आहे. वर्धन एक पायरी कमी करावे अथवा जागा बदलावी. पावसाच्या थेंबांनी पेटी वाजत असल्यास वर पळसाच्या पानांचा किंवा गवताचा लहान आडोसा करावा. पत्रा कधीही लावू नये.

५. सतत घरघर येते. फाइल दिवसाची असल्यास वारा, रात्रीची असल्यास बहुधा मोटर पंप. शेतीपंपाचा वीजपुरवठा कोणत्या वेळी असतो ते विचारून त्या वेळांशी ताडून पाहावे.

६. मुद्रण काही रात्रींनंतर थांबले. शेवटच्या फाइलीची तारीख पाहावी. कार्डात जागा शिल्लक असल्यास सेल उतरले. जागा नसल्यास हिशेब चुकला. दोन्ही ठीक असल्यास सेलचा स्पर्श हादऱ्याने सुटला असावा.

७. फाइली उघडत नाहीत किंवा त्यांचा आकार शून्य आहे. लिहिता लिहिता वीज तुटली किंवा कार्ड नकली आहे. ते कार्ड बाजूस ठेवावे व त्यावर पुन्हा काहीही लिहू नये. संगणकाच्या जाणकारास त्यातून काही परत मिळविता येते.

८. पेटीच्या आत दव साठले आहे. प्रथम सेल व कार्ड काढावे, यंत्र सावलीत उघडे वाळवावे. चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नये. रबरी पट्टी व सिलिका जेलची पुडी बदलावी.

९. यंत्र खाली पडले किंवा पट्टा कुरतडला आहे. माकडे, खारी व उंदीर ह्यांचे हे काम होय. पट्टा दुहेरी करावा, चकचकीत रंगाचा वापरू नये व हाताळताना खाण्याच्या पदार्थांचा वास लागू देऊ नये.

उतरलेले सेल रानात किंवा विहिरीत टाकू नयेत. ते पिशवीत भरून परत आणावेत.

साक्षी आवाज

वरील सर्व करूनही एखाद्या रात्री अपेक्षित प्राण्याचा आवाज सापडला नाही, तर ‘नाही’ असे लिहिण्यापूर्वी यंत्र त्या वेळी खरोखर ऐकत होते काय, ते पाहावे. त्यासाठी प्रत्येक गावात काही साक्षी असतात. पहाटेचा कोंबडा, देवळातील काकड्याची घंटा, मशिदीतील अजान, पहिली एस. टी., शाळेची घंटा, दूधगाडीचा भोंगा : ह्यांच्या वेळा गावकऱ्यांस ठाऊक असतात. मुद्रणात असा आवाज योग्य वेळी व स्पष्ट सापडल्यास यंत्र व घड्याळ दोन्ही विश्वासार्ह आहेत. रातकिड्यांचा नेहमीचा सूरही नसेल, तर ते मौन रानाचे नसून यंत्राचे आहे असे समजावे.

म्हणून मुद्रण कचेरीत नेऊन एकट्याने ऐकू नये. ज्या शिवारातील ते आहे तेथील दोन जाणत्या माणसांस जवळ बसवून ऐकावे. त्यांना ज्या विसंगती जाणवतात त्या आपणांस जाणवत नाहीत.

नोंदवही

प्रत्येक यंत्रासाठी एक पान राखावे. त्यावर यंत्राचा व कार्डाचा क्रमांक, जागा, बांधल्याची व काढल्याची तारीख आणि वेळ, घड्याळ स्थानिक की जागतिक, दर सेकंदाचे नमुने, वर्धनाची पायरी, सेलचा प्रकार, हवामान व साक्षी आवाज लिहावेत. निष्कर्षाच्या रकान्यात तीनच शब्द वापरावेत : ‘आढळला’, ‘यंत्र चालू असता आढळला नाही’, आणि ‘यंत्र बंद’. दुसरा व तिसरा शब्द एकच मानण्याची चूक कोणीही करू नये. ‘यंत्र बंद’ असे लिहिण्यात कमीपणा नाही. ती खरी नोंद आहे व पुढच्या वर्षी तेथे पुन्हा गेले पाहिजे असे ती सांगते.

पावसाळ्यापूर्वीची तयारी मे महिन्यातच पुरी करावी. सेल व कार्डे घेऊन ठेवावीत, परसातील चाचणी उरकावी आणि ज्या शेतकरी बंधुभगिनींच्या बांधावर यंत्र लावावयाचे त्यांची गाठ घ्यावी. त्यांच्या शिवारातील कोंबडा किती वाजता आरवतो, हे त्याच वेळी विचारून वहीत लिहून ठेवावे.